नव्या टायरांचा आवाज आणि गडाची वाट

नाशिक हें तीर्थाचें गांव. येथें चाकांचा आवाज कोणास नवा नाहीं. इ. स. १८८९ मध्यें नाशिकरोडच्या स्थानकापासून शहरापर्यंत ट्राम सुरू झाली, तेव्हां ती घोडे ओढीत असत. १९३० नंतर थोड्याच वर्षांत ती बंद पडली. टांगे त्यानंतरहि पुष्कळ दिवस टिकले. चाकावरील लोखंडी धाव सैल झाली आहे हें टांगेवाल्यास वांकून पाहावें लागत नसे. तें त्याला ऐकूं येई. आणि जुन्या नाशकांतील तांबट आळींत तर हातोड्यांच्या ठोक्यांवर पिढ्या वाढल्या. तेथील कारागीर घडलेलें भांडें बोटानें वाजवून पाहात. भांडें सणसणीत बोललें तर तें चांगलें, बद्द बोललें तर कोठेंतरी चीर आहे असें समजावें. अशा गांवांत राहणाऱ्या कुटुंबास आपल्याच मोटारीचें बोलणें कळूं नये, ही लाजिरवाणी गोष्ट खरी. परंतु ती आमच्या घरीं घडली. वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरीं आतां मोटार असते, म्हणून तो प्रसंग आम्ही जसाच्या तसा सांगतों.

सप्तशृंगनिवासिनी ही आमची कुलस्वामिनी. श्रावणांत एकदां सर्वांनीं मिळून गडावर जाऊन यावयाचें, ही घरची जुनी रीत. त्या वर्षीं निघण्याच्या आदल्या दिवशीं दादांनीं सहज टायरांकडे पाहिलें, तों ते झिजून गेलेले. टायरावरील नक्षीची खोली १.६ मिलिमीटरहून कमी असतां कामा नये, असा आपल्याकडील नियम आहे. नक्षीच्या खांचांत तेवढ्याच उंचीचे लहान उंचवटे मुद्दाम ठेवलेले असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीस आलें, कीं टायराचें आयुष्य संपलें असें समजावें. आमच्या टायरांचें तें संपलें होतें, आणि गडाची वाट घाटाची व दिवस पावसाचे. दादा संध्याकाळींच बाहेर पडले आणि चार नवे टायर बसवून रात्रीं घरीं आले. दुकानांत गर्दी होती, पाऊस कोसळत होता, आणि दुकान बंद होण्याची वेळ झाली होती, एवढें त्यांनीं जेवतांना सांगितलें. त्या वेळीं त्या सांगण्यांत विशेष असें कोणास कांहींच दिसलें नाहीं.

पहाटे आम्ही सातजण निघालों. दादा गाडी चालवीत होते. त्यांच्या शेजारीं आमचे काका, म्हणजे आप्पा. आप्पांचें सारें आयुष्य यंत्रांच्या संगतींत गेलेलें. घरांत मिक्सर बिघडला तरी त्यांचा शब्द अखेरचा. मधल्या बाकावर वहिनी, आम्ही आणि दादांचा मुलगा. सर्वांत मागें डाव्या बाजूस काकू, आणि त्यांच्याजवळ दादांची लहान मुलगी. काकूंचें माहेर तांबट आळीच्या तोंडाशीं होतें, ही गोष्ट पुढें महत्त्वाची ठरली, म्हणून आतांच सांगून ठेवतों.

पंचवटींतून दिंडोरी नाका सोडून गाडीनें वेग घेतला, तोंच खालून भुंग्यासारखा एक आवाज येऊं लागला. वेग वाढला कीं त्याचा सूर चढे, वेग उतरला कीं तोहि उतरे. दादांच्या कपाळास आंठी पडली.

"कालपर्यंत हा आवाज नव्हता," ते म्हणाले.

नवी वस्तु घरांत आली आणि तिच्याबरोबर नवें दुखणेंहि आलें, अशी शंका येणें साहजिकच होतें. परंतु आप्पा हंसले. "अरे, रस्ता पाहा, म्हणजे आवाज कळेल," ते म्हणाले. खरोखरच, डांबर गुळगुळीत असे तेथें आवाज दबे आणि खडबडीत लागलें कीं पुन्हां वर येई. रस्त्याप्रमाणें बदलतो तो टायराचा आवाज. बेअरिंग बिघडलें असेल तर त्याची घरघर रस्ता बदलला म्हणून विशेष बदलत नाहीं. ती वळणावर बदलते. गाडी डावीकडे वळतांना भार उजव्या चाकांवर पडतो; त्या वेळीं घरघर वाढली तर दोष उजव्या बाजूस आणि उजवीकडे वळतांना वाढली तर डाव्या बाजूस, असा साधारण ताळा आहे.

आप्पांनीं पुढें जें सांगितलें तेंहि ऐकण्यासारखें होतें. नव्या टायराची नक्षी खोल असते. तिचे ठोकळे एकामागून एक रस्त्यावर आपटतात, आणि खांचांत सांपडलेली हवा दाबली जाऊन बाहेर पडते. त्यांतून तो घुमारा निघतो. सर्व ठोकळे एकाच मापाचे केले तर एकच तीक्ष्ण सूर निघून कान किटतील. म्हणून कारखानदार ते मुद्दाम लहान-मोठे ठेवतात, कीं आवाज अनेक सुरांत विखुरला जावा. समृद्धि महामार्गासारख्या काँक्रीटच्या रस्त्यावर हाच टायर अधिक बोलेल. कांहींशें किलोमीटर गेल्यावर ठोकळ्यांच्या कडा मऊ होतात, आणि आपल्या कानांसहि संवय होते. मात्र तोंपर्यंत गाडी जरा बेतानें चालवावी. कारण सांचांतून काढतांना सोपें जावें म्हणून लावलेल्या द्रव्याचा बुळबुळीतपणा नव्या रबरावर कांहीं काळ राहतो, आणि ब्रेक दाबल्यावर गाडी थोडी अधिक घसरते.

"गंमत अशी," आप्पा म्हणाले, "कीं हवेचा टायर निघाला त्या वेळीं आवाज कमी करणें हाहि त्याचा एक हेतु होता." रॉबर्ट विल्यम टॉमसन या स्कॉटिश गृहस्थानें १८४५ सालीं त्याचें पेटंट घेतलें. गाडी ओढण्यास हलकी जावी, धक्के कमी बसावे आणि चाकांचा खडखडाट थांबावा, अशी त्याची कल्पना. त्या काळीं ती चालली नाहीं. पुढें १८८८ मध्यें बेलफास्ट येथें जॉन बॉइड डनलॉप यानें आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठीं तीच युक्ति स्वतंत्रपणें शोधून काढली, आणि तेव्हांपासून जग हवेवर चालूं लागलें. गाडींतील सर्वांचें समाधान झालें. भुंगा गुणगुणत राहिला, पण त्याची भीति गेली.

म्हसरूळ आलें. येथील चामरलेणीच्या डोंगरावर गजपंथ हें जैनांचें तीर्थ आहे. पुढें डाव्या हातास दूर रामशेजचा कातळ ढगांतून डोकावला. संभाजीमहाराजांच्या कारकीर्दींत याच लहानशा किल्ल्यानें मोगलांच्या वेढ्यास वर्षानुवर्षें दाद दिली नाहीं. तो पाहण्यांत आम्ही गुंग असतां दादांचा मुलगा म्हणाला, "बाबा, टिक्-टिक् वाजतंय."

आप्पांस आतां रंग चढला होता. त्यांनीं गाडी अगदीं हळू करावयास सांगितली आणि मुलाच्या हातीं घड्याळ दिलें. आमच्या चाकाचा घेर सुमारें १.९५ मीटर. भरभर चालणाऱ्या माणसाच्या वेगानें, म्हणजे ताशीं ७ किलोमीटरनें, गाडी चालली तर चाक सेकंदास एक फेरा करतें. ताशीं ३५ ला पांच फेरे. मुलानें मोजलें, टिक् बरोबर सेकंदास एकदां येत होती. "म्हणजे जें कांहीं आहे तें चाकावरच आहे, आणि एकच आहे," असा आप्पांनीं निकाल दिला. गाडी थांबवून पाहिलें, तों पुढच्या टायराच्या खांचेंत एक टोकदार खडा रुतलेला. स्क्रू-ड्रायव्हरनें तो काढला आणि आवाज थांबला. खड्याऐवजीं खिळा असता तर तो मात्र तेथें उपटावयाचा नसतो, नाहींतर हवा जाऊन अडचण होते. तसेंच हळूहळू पंक्चरवाल्याकडे न्यावें. मुलानें तो खडा आठवण म्हणून खिशांत ठेवला. दोन आवाज ओळखले, दोन्ही निरुपद्रवी निघाले; आणि आम्हां सर्वांस वाटूं लागलें, कीं आतां ही विद्या आपल्यास आली.

दिंडोरीपासून पुढें रस्त्याच्या दोन्ही अंगांस द्राक्षांचे मळे लागतात. श्रावणांत ते नुसते हिरवे असतात. फळासाठीं छाटणी पुढें पाऊस सरतांना व्हावयाची. मधून सर येई, मधून ऊन पडे. अशा वेळीं मागून काकूंचा आवाज आला.

"अहो, मागें कांहीं भांडेंबिंडें ठेवलें आहे कां?"

"भांडें कसलें?" आप्पा म्हणाले. "जॅक वाजत असेल."

वणीस दादांनीं डिकी उघडली. जॅक खरोखरच सैल होता. आदल्या दिवशीं दुकानांत तो नीट जागेवर बसविला नव्हता. दादांनीं तो सुतळीनें घट्ट बांधला. स्टेपनीहि हलवून पाहिली. गाडी निघाली. थोड्या वेळानें काकू पुन्हां बोलल्या.

"जॅकचा आवाज खणखणीत होता, तो गेला. मी म्हणतें तो निराळा. तो बद्द आहे."

"अग, नवें रबर आहे," आप्पा म्हणाले. "दोन दिवस बोलेल आणि गप्प बसेल."

"रबर असें बोलत नाहीं. गाडी हळू झाली कीं येतो, वळली कीं येतो. जोरांत चालली कीं ऐकूं येत नाहीं."

येथें आम्हीं जें केलें तें सांगावयास संकोच वाटतो. आप्पा बोलले तें काकूंस दुखवण्यासाठीं नव्हतें. पण त्यांच्या बोलण्यांत थोडी अधीरता आली होती, आणि सणासुदीच्या प्रवासांत वाद नको, म्हणून आम्हीं विषय बदलला. समोर सातमाळेची रांग उभी राहिली होती. मार्कंड्याचा डोंगर आणि त्याच्यासमोर गडाचीं शिखरें दिसूं लागलीं होतीं. "काकू, गड दिसूं लागला, तो पाहा," असें आम्ही म्हणालों. काकूंनीं हात जोडले. परंतु त्यांचें लक्ष गडाकडे नव्हतें, हें आम्हांस दिसत होतें. मुलीस त्यांनीं आपल्या मांडीवर ओढून घेतलें.

नांदुरी हें पायथ्याचें गांव. येथून गडावर जाणारा घाट सुमारें १० किलोमीटरांचा. एका बाजूस कडा, दुसऱ्या बाजूस दरी. या घाटांत पूर्वीं मोठे अपघात झालेले आहेत आणि त्यांची आठवण या भागांतील प्रत्येक घरास आहे. चहासाठीं आम्ही थांबलों. चहा झाला, सर्वजण गाडींत बसलों. काकू मात्र बाहेर उभ्या राहिल्या.

"चाक उघडून पाहिल्यावांचून मी मुलांना घेऊन घाट चढणार नाहीं," त्या म्हणाल्या. "तुम्हांला उशीर होत असेल तर मी एस. टी.नें येतें."

काकूंनीं इतक्या स्पष्टपणें कांहीं सांगितल्याचें आमच्या आठवणींत नव्हतें. आप्पा कांहींच बोलले नाहींत. दादा उतरले आणि शेजारच्या टायर-पंक्चरच्या टपरीवरून एका मिस्त्रीस घेऊन आले. काकूंनीं मागचें डावें चाक दाखविलें. मिस्त्रीनें त्यावरील टोपी पान्याच्या टोंकानें उचकटली, आणि टोपीबरोबर एक नट सुटून त्याच्या तळहातावर पडला.

पांच नटांपैकीं एक असा निखळलेला. दोन बोटांनीं फिरत होते. उरलेल्या दोघांवर चाक उभें होतें, आणि त्यांतीलहि एक पुरता घट्ट नव्हता. कोणी कांहीं बोललें नाहीं. दादांचा चेहरा पांढरा पडला. आपण काय टाळलें याचा हिशोब प्रत्येकजण मनांत करीत होता; आमच्या हिशोबांत "गड दिसूं लागला, तो पाहा" हें वाक्यहि होतें.

मिस्त्री मोठा जाणता मनुष्य निघाला. त्यानें जॅक लावून चाक उतरविलें, नट बसतात ते स्टड एकेक करून तपासले, त्यांचे आटे शाबूत आहेत आणि चाकाचीं भोकें लांबट झालीं नाहींत, याची खात्री करून घेतली. तीं लांबट झालीं असतीं तर चाकच बदलावें लागलें असतें. मग त्यानें कारण दाखविलें. चाक जेथें टेकतें त्या पत्र्यावर चिखल आणि गंज तसाच राहिला होता. नट आवळले तेव्हां ते चिखलावर आवळले गेले. चाळीस-पन्नास किलोमीटरांच्या हादऱ्यांनीं चिखल चेपला आणि नट ढिले झाले. शिवाय शेवटचा ताण हातानें दिलेला दिसत नव्हता. त्यानें ती जागा तारेच्या ब्रशानें घासून पुसली आणि नट पुन्हां बसविले. ओळीनें नव्हे, तर एक सोडून एक, प्रथम थोडे आणि चाक जमिनीस टेकल्यावर पुरते, म्हणजे चाक सर्व बाजूंनीं सारखें बसतें. उरलेलीं तीनहि चाकें त्यानें न सांगतां पाहिलीं. तीं घट्ट होतीं.

काकूंच्या त्या आवाजाचें मर्महि त्यानेंच उलगडलें. ढिलें चाक स्टडांवर किंचित् मागेंपुढें सरकतें. ब्रेक लागला, गाडी वळली किंवा हळू झाली, कीं तें सरकून एक बद्द ठोका देतें. वेगांत तें एका जागीं दाबून राहूं शकतें, आणि इतर आवाजांत तो ठोका बुडून जातो. वेगाबरोबर वाढणाऱ्या आवाजास माणूस भितो आणि वेगांत नाहींशा होणाऱ्या आवाजास विसरतो. आमचें नेमकें तेंच झालें होतें. आप्पांनीं दोन आवाजांचें शास्त्र आम्हांस बरोबर सांगितलें. तिसरा मात्र त्यांनीं ऐकलाच नाहीं. तो ऐकला होता तो त्या चाकावर बसलेल्या आणि लहानपणापासून बद्द व सणसणीत यांतील भेद जाणणाऱ्या बाईनें. आणि तिला आम्ही सर्वांनीं मिळून गप्प केलें होतें.

मिस्त्रीनें गाडी न्यावयास हरकत नाहीं असें सांगितलें. तरी दादांनीं ती तेथेंच ठेवली आणि आम्ही सर्व एस. टी.नें गडावर गेलों. वर दाट धुकें होतें. २०१८ सालापासून गडावर रुळांवरून चढणारी ट्रॉली झाली आहे. आप्पा आणि वहिनी मुलांना घेऊन तिनें गेलीं. काकूंस पायऱ्याच चढावयाच्या होत्या, म्हणून आम्ही आणि दादा त्यांच्याबरोबर निघालों. पायऱ्या सुमारें ५०० आहेत. अठरा हातांची देवी कड्याच्या खडकांत कोरलेली आहे. पिढ्यानुपिढ्या तिच्यावर शेंदराचे थर चढत गेले होते. २०२२ सालीं ते काढण्यांत आले, आणि आंतील मूळ कोरीव रूप लोकांच्या दृष्टीस पडलें. काकू बराच वेळ हात जोडून उभ्या होत्या. बाहेर आल्यावर आप्पा त्यांना म्हणाले, "आज तुझ्यामुळें दर्शन झालें." काकू म्हणाल्या, "चला, मुलांना भूक लागली असेल." त्या विषयावर त्या दोघांत एवढेंच बोलणें झालें.

परततांना दादांनीं पांच किलोमीटरांवर आणि पुन्हां वणीस गाडी थांबवून नट पाहिले. ते जागचे हलले नव्हते. भुंगा गुणगुणत होताच. पण आतां तो घरचाच वाटत होता. दुसऱ्या दिवशीं दादा त्या दुकानीं गेले. मालकानें न भांडतां चूक मान्य केली आणि ताण मोजणाऱ्या टॉर्क-पान्यानें सर्व नट पुन्हां बसवून दिले. लहान मोटारींस हा ताण साधारणपणें ८० ते १२० न्यूटन-मीटर असतो. आपल्या गाडीचा नेमका आंकडा गाडीबरोबरच्या पुस्तिकेंत पाहावा.

वाचकांच्या उपयोगासाठीं आणखी थोडें लिहून ठेवतों. नवे टायर घेतांना बाजूवरील शेवटचे चार आंकडे वाचावे; पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष, म्हणजे टायर दुकानांत किती दिवस पडून होता तें कळतें. कांहीं टायरांवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो. तो उलटा बसला तर आवाज वाढतो आणि पावसांत पकड कमी होते. ताशीं ८० च्या पुढें स्टिअरिंग थरथरूं लागलें तर बॅलन्सिंग राहिलें आहे. गाडी एकीकडे ओढूं लागली तर हवा पाहावी आणि मग अलाइनमेंट. पत्रा घासल्यासारखी चरचर येत असेल तर ब्रेकच्या तबकडीमागील पातळ पत्रा चाक काढतांना वांकला असण्याचा संभव असतो. पूर्वींपेक्षां रुंद टायर घेतले असतील आणि स्टिअरिंग पुरतें वळवितांना घासल्याचा आवाज आला, तर टायर आंतील भागास लागत आहे. हे दोष दोन-चार दिवसांत दुरुस्त करून घेतले तरी चालतें. परंतु हळू चालतांना, वळतांना किंवा ब्रेक दाबतांना बद्द ठोका ऐकूं आला, तर गाडी तेथेंच बाजूस घ्यावी आणि प्रथम नट पाहावे. आणि आवाज नसला तरीहि, चाक केव्हांहि काढून बसविलें असेल तर ५० ते १०० किलोमीटरांनंतर नट पुन्हां एकदां आवळून घ्यावे.

आमच्या घरीं हें काम आतां ठरून गेलें आहे. चाक काढलें, पंक्चर काढलें, टायर बदलले, कांहींहि झालें, तरी पुढच्या प्रवासांत पन्नास किलोमीटर झाले कीं मागच्या बाकावरून आवाज येतो, "अरे, थांबव." दादा थांबवितात. आप्पा स्वतः पाना घेऊन खालीं उतरतात.